वरच्या वाडीतला एक फोटो: महाड-पोलादपूरचे दोन दिवस

कॅमेरा घेऊन महिना झाला होता आणि बाल्कनीतल्या जास्वंदीपलीकडे माझी मजल गेली नव्हती. ऑफिसातली मैत्रीण स्मिता म्हणाली, "काकांना बघायला गावी चाललेय. बरे नाहीत. येतेस तर ये, डोंगर आहेत फोटोला." आजारी माणसाच्या घरी कॅमेरा घेऊन जायचं बरं वाटेना, तरी निघाले.

ठाण्याहून सकाळच्या एसटीने महाड गाठायला दुपार झाली. महामार्गाचं काम अजून चालूच आहे, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून निघा. भाद्रपद संपत आला होता तरी आभाळ खाली उतरलेलं. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मी पहिल्यांदा ऑटो मोड सोडला. पाणी नीट आलं की आभाळ पांढरंफटक, आभाळ जमलं की माणसं काळी. शेजारी बसलेले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मार्चमध्ये या. तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते." आज मात्र तळ्याकाठी आम्ही तिघंच होतो.

संध्याकाळी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे गेलो. वाफेने लेन्स धुरकटली आणि एकही फोटो आला नाही. पाय मात्र शेकून घेतले. मुक्काम महाडात केला. स्टँडजवळ साध्या, परवडणाऱ्या खोल्या मिळतात.

दुसऱ्या दिवशी पोलादपूर, तिथून भरलेल्या रिक्षातून कापडे गाव, आणि पुढे वाडीपर्यंत चढण. खाली भाताची खाचरं, वर बहुतेक घरांना कुलपं. माणसं मुंबईला. सोबत पाणी घ्या, वर दुकान नाही.

काकी अंगणात उभ्याच होत्या. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवून उठलो. आत काका खाटेवर उशांना टेकून बसले होते. दम्याने बोलणं तुटत होतं. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून काकी म्हणाल्या, "बाय, ह्यांचा एक फोटो काढ गो. आधार कार्डावरचा हाय, तो वळखू पन येत नाय."

"माझा कशाला? डोंगराचा काढ," काका म्हणाले.

"पोरांना होईल."

काकांनी काकींकडे पाहिलं. "भिंतीवर लावायला ना? सरळ बोल की."

स्मिता उठून पाणी आणायला गेली.

खोलीत एकच खिडकी. पहिले सगळे फोटो हलले. माझे हात स्थिर होते, पण काकांचा प्रत्येक श्वास खांद्यातून वर यायचा आणि शटर हळू असल्यामुळे तो फोटोत उतरायचा. शटरचा वेग वाढवला तर अंधार. उजेडासाठी आयएसओ वाढवला तर चेहऱ्यावर रवाळ ठिपके. फोटोग्राफीच्या क्लासमध्ये हे सगळं फळ्यावर समजलं होतं. इथे माझ्यासमोर माणूस धापा टाकत होता आणि मी बटणं फिरवत होते.

"बाहेर बसतील का?" मी विचारलं.

काकी आणि स्मिताने धरून त्यांना ओटीवर आणलं. तिथे ढगाळ, मऊ उजेड होता. शटर हवं तेवढं ठेवता आलं. आधी लांबून घेतला: घर, ओटी, खुर्चीत काका. मग क्लोज-अपसाठी पुढे गेले तर त्यांनी तोंड फिरवलं.

"अंगावर येतंय ते."

मी मागे सरले. काकी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खांद्यावर हात ठेवला. "बगा हिकडं. पोरगी दमली." काकांनी मान वळवली. कमरेपासून वरचा, दोघांचा मिड शॉट. त्यानंतर त्यांना खोकल्याची उबळ आली आणि आम्ही त्यांना आत नेलं.

उतरताना स्मिता पुढे चालत होती.

दिवाळीआधी काका गेले. त्यांचा मुलगा मंगेश, डोंबिवलीला असतो, त्याचा फोन आला.

"ताई, फ्रेमवाला बोलतो एकट्याचा फोटो पायजे. तुमच्याकडं हाय का?"

नव्हता. दोघांच्या फोटोतून काकींना कापायचं होतं. लॅपटॉपवर मी चौकट आत आत ओढत नेली. आधी काकींचा चेहरा गेला, मग पदर, मग मनगट. खांद्यावरची चार बोटं मात्र जाईनात. ती पुसून टाकता येतात, आता फोनवरही होतं ते. मंगेशला विचारलं. मागे आईशी बोलल्याचं ऐकू आलं.

"र्‍हाऊ द्या, आई बोलते."

घरात बसून आता मी तेव्हाचे सगळे फोटो पाहते. तळं, वाफ, डोंगर, काही खास नाही. जवळून एक काढायला हवा होता, असं शिकणारीला वाटतं. काढला असता तर तो सरळ, स्वच्छ, एकट्याचा आला असता.

वाडीतल्या घरालाही आता कुलूप आहे. काकी डोंबिवलीला आल्यात. परवा मंगेशने भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो पाठवला. झेंडूचा हार एका बाजूला सरकवलेला होता, बोटं झाकली जाऊ नयेत म्हणून.