पत्रा आपला

भाईंदर पूर्वेला खारी गावाजवळच्या सोसायटीत सुभाष दाबके यांना सगळे तोफवाले काका म्हणत. त्यांच्या कारखान्यात तोफेचा नेम धरणारं यंत्र बनायचं. सत्त्याण्णव साली ते एका परदेशी सैन्याला विकायचं ठरलं. “शंभर टक्के आपलं,” दाबके जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. सोसायटीने दसऱ्याला त्यांचा सत्कार ठरवला.

चाचणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एवढंच मागितलं, की आमच्या गोळ्याचं वजन यंत्रात भरा. ते भरता येईना. आतला प्रोग्रॅम युरोपातल्या एका कंपनीचा होता, आणि तिने तो कुलूपबंद ठेवला होता. ‘या देशाला विकायला आमची परवानगी नाही,’ असं तिने कळवलं. अधिकारी परत गेले. दाबक्यांनी त्या प्रोग्रॅमची एक ओळही कधी पाहिली नव्हती. दर खंडेनवमीला यंत्राच्या बंद पेटीला हळदकुंकू मात्र वाहिलं होतं. पोटात काय आहे ठाऊक नाही त्याची पूजा करण्यात आमची माणसं पटाईत.

“अहो, सत्काराला नाही म्हणा,” बायको मनोरमा म्हणाली.

“का? पत्रा आपलाच आहे. स्क्रूसुद्धा आपले.”

तळमजल्यावरच्या जयेशभाईंनी विचारलं, “सुभाषभाई, तोप बिक गई ना?”

“प्रोसेस चालू है.”

दसऱ्याला दाबक्यांनी शाल घेतली, स्वावलंबनावर भाषण ठोकलं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही ती शाल जेवण होईपर्यंत खांद्यावरून काढली नाही.