तिचं बोलणं ठळक होतं

माझ्याकडे आलेली प्रत्येक फाईल मी आधी धुऊन घेते. हा माझाच शब्द. नगरमध्ये वीस वर्षं छपाईसाठी पुस्तकांची पानं लावतेय, आणि लोक वर्डमध्ये काय काय करून ठेवतात ते बघून डोकं फिरतं. प्रत्येक ओळ संपली की एंटर. परिच्छेद आत घ्यायचा तर स्पेसबार दाबत बसायचं. मधेच चार पानं ठळक, का, तर कुणाचा तरी हात लागला. अशी फाईल पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली की ओळी अर्ध्यात तुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. म्हणून आधी सगळं पुसायचं, नुसता मजकूर ठेवायचा आणि मग नव्याने सजवायचं. या सवयीचा मला गर्व होता. डोंबलाचा गर्व!

गुरुजी जामखेडकडच्या एका खेड्यातून एसटीने आले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, चष्म्याला जाड भिंगं, शर्टाच्या खिशात औषधाच्या पुडीसारखा कागदात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं जे बोलायची, ते त्यांनी आठवून आठवून टाइप केलं होतं. बाई निरक्षर होत्या, त्यामुळे त्यांच्या हातची एक ओळही घरात नव्हती. जे काही होतं ते या फाईलमध्ये.

"ताई, काचबिंदू हाय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार न्हाई. उरलेली किती दिवस टिकंल ते बी सांगता येत न्हाई. छापलेलं पुस्तक एकदा माझं मला वाचायचंय."

"पंधरा दिवसांत देते," मी छातीठोकपणे सांगितलं.

फाईल जुन्या फॉन्टमधली निघाली. नव्या फॉन्टसाठी कन्व्हर्टरमधून काढली, एंटर उडवले, जादा स्पेस उडवल्या, ठळक-बिळक सगळं साफ. आणि घाईघाईत पेनड्राइव्हवरच, त्याच नावाने सेव्ह केली. मूळ फाईल आधी बाजूला ठेवायची, हे मी दुसऱ्यांना ओरडून ओरडून सांगते. त्या दिवशी मला कोण ओरडणार?

आठव्या दिवशी प्रूफ हातात दिलं. गुरुजींनी हातातलं भिंग धरून एक पान वाचलं, मग दुसरं. तिसऱ्यावर भिंग खाली ठेवलं.

"ही कुठं गेली?"

"कोण, गुरुजी?"

"आमची मंडळी. तिचं सगळं बोलणं मी ठळक केलं हुतं. आवाज मोठा हुता ना तिचा."

अवतरणचिन्हं त्यांना कीबोर्डवर सापडली नव्हती. तिचं ते ठळक, आपलं ते साधं, एवढीच खूण त्यांनी ठेवली होती. त्यात एंटर उडवल्यामुळे दोघांची वाक्यं एकाच परिच्छेदात चिकटून बसलेली. एका ठिकाणी होतं, आज मीठ जास्त पडलंय. उद्यापासून तुम्ही करा. मी केलं तर शेरडंसुद्धा खायची नाहीत. इथे निदान अंदाज तरी बांधता येत होता; पुढे पानंच्या पानं कोण कुणाला काय म्हणतंय, कळायला मार्गच नव्हता.

"सॉफ्टवेअरनं केलं असेल," मी म्हणाले. आणि ते बिचारे "असंल, असंल" म्हणून मान हलवायला लागले तेव्हा मला ते सहन होईना. मी रडायलाच लागले. "नाही हो गुरुजी. मी केलं. मीच पुसलं."

त्यांनी ते शाळेतल्या संगणकावर टाइप केलेलं. मी शाळेत फोन लावला, तर तो फॉरमॅट मारून कधीच नवा झाला होता. पेनड्राइव्ह घेऊन मी पुसलेल्या फाईली काढून देणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने तो चार दिवस ठेवून घेतला आणि चौकोन-प्रश्नचिन्हांनी भरलेली पानं हातात दिली. त्या पानांकडे बघत मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. एका म्हाताऱ्याची बायको मी दुसऱ्यांदा मारली, असं मनात येत होतं आणि जात नव्हतं.

शेवटी उपाय गुरुजींनीच काढला. "तुमी वाचा, मी सांगतो." एक दिवसाआड ते एसटीने यायचे. मी एकेक वाक्य वाचायची, ते डोळे मिटून म्हणायचे, "ती." नाहीतर, "मी." 'ती' म्हटलं की मी ते वाक्य ठळक करायची. कधी अडायचे. एकदा तर एकच वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये दोघं बी म्हणलो असू. तिला द्या."

पहिल्या दिवशी माझ्या ऑफिसचा जिना ते एकटे चढून आले होते. दुसऱ्या आठवड्यात कठडा धरायला लागले. शेवटच्या दिवशी खुर्ची हाताने चाचपून बसले. मी वेड्यासारखी भराभर वाचत होते, आणि ते म्हणत होते, "सावकाश, ताई." सावकाश कसं? त्यांच्या उरलेल्या नजरेचे दिवस मी खात होते, आणि ते मला दिसत होतं.

पुस्तक दीड महिन्याने बांधून आलं. गुरुजींनी ते नाकाला लावलं, खिडकीकडे वळवलं, पुन्हा जवळ घेतलं.

"कागूद पांढरा दिसतुया," ते म्हणाले. "बाकी न्हाई."

त्यांनी पुस्तक मिटलं, अंदाजाने माझ्याकडे सरकवलं.

"माझं मला पाठ हाय. तिचं तेवढं तुमी वाचा."

मी पहिलं पान उघडलं. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं आणि थांबले. पुढचं ठळक होतं. मी ते हळू आवाजात वाचलं.

"मोठ्यानं, ताई," गुरुजी म्हणाले. "ती अशी हळू बोलायची न्हाई."