दोराचं दुसरं टोक

मायावहिनींचा फोन आला तेव्हा कळमन्याच्या यार्डात संत्र्याचा लिलाव सुरू होता आणि मी बोली लावणाऱ्यांच्या घोळक्यात उभा होतो. गोंगाटात काही ऐकू येईना, म्हणून एक कान दाबून एका ट्रकच्या आडोशाला गेलो. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून निघालं, "कोणत्या तलावावर?" त्या म्हणाल्या, "तलावावर नाही जी. घरीच. पलंगावर." आठवड्याचा मधलाच वार होता आणि मला सोडून अशोक कधी पाण्यावर जात नसे, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी तोंडात आधी तलावच आला. इतकी वर्षं मी त्या एका बातमीला घाबरून होतो, की ती दुसरीकडून येऊ शकते हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी तिथेच एका रिकाम्या क्रेटवर बसलो. लिलाव चालूच होता.

अशोक आणि मी जरीपटक्यातल्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. पुढे मी वडिलांच्या अडतीत बसलो, तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागला. टर्बाइनच्या धडधडाटात राहून राहून त्याला हळू बोलणं जमेनासं झालं. घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. ऐन पस्तिशीत त्याला पहिली फिट आली, तीही कामावर, लोखंडी जिन्यावर. खालच्या पायरीवर होता म्हणून वाचला, दोन पायऱ्याच घसरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोबत मनाई: मोटरसायकल नाही, उंची नाही, मशीन नाही, विस्तव नाही, पाणी नाही. त्याला स्टोअरच्या टेबलावर बसवलं. "मले आता नटबोल्टची राखण देली गा," असं म्हणून हसला, पण त्या दिवशी जेवला नाही हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. गोळ्या तो नेमाने घ्यायचा. कधी वर्ष-वर्ष काही होत नसे, आणि सगळे जरा निवांत झाले की फिट यायची. दोनदा माझ्यासमोर आली. समोरचा माणूस बोलता बोलता अर्ध्या शब्दात निघून जातो आणि त्याचं शरीर तेवढं मागे राहतं, एकटं. ते पाहिल्यापासून मी त्याच्याशी बोलताना सतत त्याच्या डोळ्यांकडे बघत असे. त्याला ते कळायचं. "काहून असा पाह्यतं बे, मी का सिनेमा आहो?" म्हणायचा.

तो निवृत्त झाला त्या वर्षी त्याचा पुतण्या कॅनडाहून आला. तिकडे पाईक नावाचा लांब तोंडाचा, दातेरी मासा फ्लायवर, म्हणजे केसापिसांच्या नकली किड्यावर, पकडतात, असं सांगत त्याने काकांना एक लवचीक रॉड, रीळ आणि पिवळी जाडसर दोरी भेट दिली. झालं! अशोकला वेडच लागलं. घरामागच्या मैदानात दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधून तो रोज सकाळी सराव करी. पोरं ओरडत, "काका, पतंग उडवून राहिले का?" जेवणाच्या टेबलावर बकरीचे केस आणि कोंबडीची पिसं घेऊन तो हुकावर नकली बेडूक बांधू लागला, वरणात पीस निघालं त्या दिवशी वहिनींनी त्याला गच्चीवर पिटाळलं. पाईक आपल्याकडे कुठला, पण मरळ आहे. सापाच्या डोक्याची, हातभराहून लांब, जबड्यात सुया लावल्यासारखे दात. साधी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची बारीक दोरी, ती एका झटक्यात कातरते, म्हणून तो गळाच्या अलीकडे वीतभर गिटारची तार लावायचा. त्याच्या अंगठ्यावर तिच्या दातांची खूण होती, ती तो पाहुण्यांना दाखवायचा.

आता खरी अडचण. पिठाची गोळी लावून काठावर बसणाऱ्याला मागे काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फ्लायचं तसं नाही. त्या केसांच्या बेडकाला वजनच नसतं, वजन असतं दोरीला. ती आधी मागे पूर्ण उलगडावी लागते, मग पुढे फेकायची. म्हणजे पुढे जेवढं पाणी, तेवढीच मोकळी जागा पाठीमागे हवी. रामटेककडच्या ज्या जुन्या मालगुजारी तलावावर आम्ही जायचो, त्याच्या काठाला सगळ्या बाभळी. पहिल्याच दिवशी चार बेडूक बाभळीला लटकले. उपाय एकच, पाण्यात कमरेइतकं उतरून उभं राहायचं. ज्याला बादलीभर पाण्याचीही मनाई, तो माणूस तलावात! मी तिथेच भांडलो. "आट्याची गोळी लाव अन् काठावर बस ना चूपचाप." तो म्हणाला, "मरळ आट्याले येते का गा? तिले शिकार पाह्यजे."

वहिनींनी अडवलं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण एका संध्याकाळी त्या यार्डात आल्या, माझ्या गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्याईच्यापासून सगळं काढून घेतलं. हे मी नाही काढून घेत. तुम्ही सोबत राहा, तेवढंच मागतो." मला पोहता येत नाही हे सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून ते गिळलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बुडायले दोघं." मग मला दोर सुचला. ट्रकवर माल बांधायचा नायलॉनचा दोर आमच्याकडे पडलेला असतोच. एक टोक अशोकच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन. त्याची पिवळी दोरी मागे फिरायची म्हणून मला त्याच्या डाव्या बाजूला, चिखलात, जवळजवळ आडवं बसावं लागे. डोक्यावरून गळ सूं करत जायचा. दर रविवारी सकाळी मी असा बसायचो. लोक विचारत, तुम्हाला मासेमारीचा छंद कधी लागला? मी आयुष्यात एक मासा धरलेला नाही. मी माणूस धरून बसायचो.

एकदा असंच पाणी गार पडलेलं, कमळाच्या पानांजवळ तो बेडूक नाचवत होता. एकाएकी तो कमरेतून वाकला, खांदे थरथरले, हात ताठ झाले. मी काही पाहिलं नाही, विचार केला नाही, अंगातली सगळी ताकद लावून दोर ओढला. अशोक उताणा पाण्यात, तिथून फरफटत काठावर. आणि कमळांत एवढा मोठा खळबळाट, की काठावरचे बगळे उठले. मग तलाव गप्प. तो चिखलातून उठून बसला, तोंड पुसलं आणि असा ओरडला की पलीकडच्या काठावर जाळं विणणारा म्हातारा ढिवर उभा राहिला. "काहून ओढलं बे! लागली होती ना! अशी मरळ पुन्हा जन्मात येते का?" मी म्हणालो, "मले वाटलं तुले आली." त्याने ओला सदरा पिळला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. त्या दिवशी आमचा कायदा ठरला. मासा लागला की त्याने "लागली!" म्हणून ओरडायचं. अंग हललं आणि आवाज आला नाही, तर मी ओढायचं.

हा कायदा मला फार पक्का वाटत होता. थंडी सरत आली होती, त्या रविवारी तो ओरडला, "लागली!" रॉड धनुष्यासारखा वाकला, रीळ कर्र कर्र वाजू लागलं, मरळ कमळांकडे पळत होती आणि तो मोठमोठ्याने तिला शिव्या देत होता. आवाज होता म्हणून मी निर्धास्त होतो. हात सैल सोडून चक्क मजा बघत होतो. शिव्या चालू होत्या, आणि एका शिवीच्या मधोमध आवाज थांबला. एवढंच. रॉडचं टोक पाण्यावर आपटलं, त्याची मान हळूहळू एका बाजूला वळली, जसं कुणी तिकडून हाक मारावी, आणि तो सरळ खाली गेला. आमच्या कायद्यात हे नव्हतं. मासा लागला आणि त्याच वेळी तीही आली, असं काही आम्ही ठरवलंच नव्हतं. मी ओढत होतो, दोर माझ्या हातातून कातडी घेऊन सरकत होता, पाणी मध्ये काहीच दाखवत नव्हतं. भीती भीती म्हणतात ती काय असते ते मला तेव्हा कळलं. छातीत नसते, हातात असते. तो काठाला लागला तेव्हा मी त्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी बाहेर येऊ दिलं, डोकं मांडीवर घेतलं आणि नाव घेत राहिलो. डोळ्यांत ओळख यायला किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ओळख आल्यावर तो पुटपुटला, "मासा?"

रॉड मरळ घेऊन गेली होती. म्हाताऱ्या ढिवराने तो पुढच्या आठवड्यात कमळाच्या देठांत गुरफटलेला काढून जपून ठेवला. बेडकाचे केस पार ओरबाडलेले आणि गळ सरळ झालेला. पण त्याआधी त्या दिवशी आम्ही घरी गेलो ते ओलेच. वहिनींनी दार उघडलं, दोघांना खालीवर पाहिलं, चहा ठेवला. चहा हातात देताना एवढंच विचारलं, "दोर होता ना?" "होता," मी म्हणालो. त्यांनी माझ्या तळव्याला हळद लावली आणि ओला दोर वाळत घातला.

मी बस म्हणालो. पुन्हा येणार नाही, कितीही शिव्या दे. तीन-चार रविवार तसेच गेले. मग एका दुपारी अशोक बसने कळमन्यात आला, माझ्या गादीशेजारी बसला आणि संत्री सोलून खात राहिला. शेवटी पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "तुले वाटते मले भेव नाही. मले तर चाहाचा कप उचलतानाही भेव वाटते गा. रस्ता ओलांडताना, नातवाले कडेवर घेताना... दिवसभर. फक्त पाण्यात असतो तेवढा वेळ वाटत नाही. तेवढा वेळ ते भेव तुह्यापाशी असते ना." मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. हमालाला उगाच ओरडलो, की क्रेट नीट ठेव. पुढच्या रविवारी गाडी त्याच्या दारात उभी केली, आणि त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही.

शेवटचा रविवार तसा काहीच न घडलेला. पानांच्या कडेला मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा वर-खाली करत होता. त्याखाली आई-बाप राखण करत असतात आणि बेडूक टाकला की हमखास तुटून पडतात. मोठी मरळ मिळवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. त्याने थवा पाहिला आणि दोरी गुंडाळून घेतली. "आज नाही गा. राखण सुरू आहे त्याईची," म्हणाला आणि काठावर येऊन माझ्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी संपवली. चार दिवसांनी पहाटे वहिनी दूध घ्यायला फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या, तोवर झोपेतच सगळं होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. कोरडी चादर, डोक्याखाली उशी, बाजूला गोळ्यांची डबी. मी तलाव सांभाळत बसलो होतो.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि महिन्याभराने मी सहज म्हणून त्यांच्याकडे गेलो. बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरींखाली अशोकचा फोटो लागला होता. यार्डातून थेट गेलो होतो म्हणून हात-पाय धुवायला मोरीत शिरलो, दार ओढून घेतलं आणि कडीला हात घातला, तर कडी नव्हती. लाकडात स्क्रूची भोकं तेवढी, तीही रंगाने बुजलेली. इतक्या वर्षांत या घरात मी चहा प्यायलो, जेवलो, भांडलो, पण मोरीत जाऊन दार लावायची वेळ कधी आली नव्हती. बाहेर आलो नाही, उभाच राहिलो. नळ सोडला आणि सोडलेलाच ठेवला. दाराबाहेर पावलं आली, थांबली. वहिनी बोलू लागल्या. तूर महागली का जी, सुनबाई कशी आहे, लाइन गेली होती सकाळी... कशाला कशाचा पत्ता नाही, नुसतं बोलणं, अशोक अंघोळीला आत असताना बोलत असतील तसं. उत्तर न देता मी त्या बुजलेल्या भोकांवर बोट फिरवत राहिलो. त्यांचा आवाज चढला, आणि मग कापला. "भाऊजी, आवाज द्या ना."

मी नळ बंद केला. म्हणालो, "आहे, वहिनी. आहे मी."