लेंजाला न पडलेलं स्वप्न

लेंजाने धाग्यांच्या गाठी सोडल्या आणि काटिबास नदीकाठच्या त्या बावीस खोल्यांच्या लांब घरात सगळ्यांची तोंडं बंद झाली. पाच महिने ती विणायच्या धाग्यांवर गाठी बांधत होती, ते मुळांच्या लाल रंगात बुडवत होती. आता गाठींखाली कोरी राहिलेली नक्षी दिसली, ती मगरीची. मगरीबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं, ती आज्यापणज्यांपासून चालत आलेली. पण हिच्या मगरीला शेपटीच्या जागी मोटरबोटीचा पंखा होता.

"हे स्वप्नात कुणी दिलं गं तुला?" सासूने विचारलं.

"कुणी नाही. मला सुचलं."

आता खोटं बोलायला काय जात होतं या बाईचं? या धाग्यांचं विणायचं होतं ते पुआ, आणि पुआ म्हणजे बाजारातली चादर नव्हे. त्यात बाळ घेतात, मढं झाकतात. त्याची नक्षी मेलेल्या आजीने नाहीतर देवीने स्वप्नात येऊन द्यायची असते. स्वतःच्या मनाने काढली तर विणणारीला वेड लागतं, आणि एका छपराखाली राहणाऱ्यांना वेड शेजारी पसरायची धास्ती असतेच.

मुखिया अंबाऊने निकाल दिला. "तीन दिवसांत स्वप्न पाड. नाही पडलं तर धागे कापून नदीत टाकायचे."

लेंजाकडे दुसरं होतं काय? खोली सासूची, भातशेत सगळ्यांचं, नवरा दूर समुद्रात तेल काढायला गेलेला. तिची स्वतःची म्हणावी अशी ही एक मगरच होती.

मग सगळं घर तिला झोपवायच्या मागे लागलं. भर दुपारी. भात कांडणं बंद. सगळे कोंबडे होडीत घालून पलीकडच्या तीरावर नेले, तर ते तिकडून दुप्पट ओरडायला लागले. सामाईक ओसरीवर तिला मधोमध निजवलं आणि भोवती तीसेक माणसं श्वास रोखून बसली. शेजारची मायांग, जिच्याबरोबर लेंजा रोज एका डब्यातलं पान खायची, ती पंख्याने वारा घालत होती.

"लागली का झोप?" मायांगने विचारलं.

"लागत होती. तू विचारलंस."

दोन दिवस असेच गेले. एकदा डोळा लागला, तर स्वप्नात गळका नळ दिसला. तिने तसं प्रामाणिकपणे सांगितलंसुद्धा. नळावर चर्चा झाली आणि नळ नापास झाला.

तिसऱ्या दिवशी मानांग बुन्सीला बोलावलं. हा तिथला भगत. आजाऱ्याचा हरवलेला आत्मा शोधून आणणारा. "हिची नाडी एकट्याने बघतो," म्हणत त्याने सगळ्यांना खाली अंगणात पिटाळलं आणि लेंजाशेजारी बसला.

"पोरी, आत्मा शोधायला मी मेलेल्यांच्या नदीवर जातो ना, तिथलं वर्णन दर वेळी थोडं नवं करून सांगतो. ते कुठून येतं, मलाही ठाऊक नाही. मी म्हणतो, पितरांनी दाखवलं. लोक पाया पडतात. तू म्हणतेस, मला सुचलं. लोक कात्री शोधतात."

"पण ते खोटं होईल, आबा."

"मग खरं बोल आणि मगर बुडव."

 संध्याकाळी सगळे जमल्यावर लेंजाने सांगितलं, "इनी आली होती." इनी म्हणजे सासूची मेलेली आई. त्या म्हातारीला हयातीत सुईत दोरा ओवता आला नव्हता. "मगरीवर बसून आली. म्हणाली, तिकडच्या नदीतही आता मोटरबोटी आल्यात."

सासू ढसाढसा रडायला लागली. "आईला वल्हवायचा कंटाळाच होता," ती म्हणाली.

"किती हॉर्सपॉवर?" अंबाऊने विचारलं.

"पंधरा."

अंबाऊची बोट दहाची होती. त्याचा चेहरा पडला, पण विश्वास बसला. पितरांचं आपल्यापेक्षा बरं चालायचंच. कात्री परत डब्यात गेली. कोंबडा कापला, तांदळाच्या दारूचे, तुआकचे पेले फिरले आणि ज्याने त्याने पुआपुढे हात जोडले.

लेंजाला इतका आनंद झाला होता, की ती पेला घेऊन धावतच मायांगजवळ जाऊन टेकली. मायांगने पोराला मांडीवरून उचललं आणि चटई हातभर मागे ओढली. "रागावू नकोस हं. पोर लहान आहे, तुझं वारं लागायचं." पलीकडची बाईही सरकली. तिच्या पलीकडचीही. कुणी तोंड वाकडं केलं नाही, सगळ्यांनी अगदी मानाने जागा सोडली. पानाचा डबा मायांगने दोन्ही हातांनी पुढे केला, देवापुढे करतात तसा, आणि स्वतः त्यातलं पान घेतलं नाही.

"अगं, मीच आहे," लेंजा म्हणाली. "मायांग, ते स्वप्न मी..."

ओसरीच्या टोकाला मानांग बुन्सी एकटाच जेवत होता. त्याच्या चारी बाजूंना तीन-तीन माणसं मावतील एवढी जागा मोकळी होती. त्याने बोट ओठांवर ठेवलं, आपलं ताट थोडं बाजूला सारलं आणि तिच्यासाठी चटई झटकली.