बोलत्या ॲपची अबोल प्रमुख

लहानपणी मला घरात घुमी म्हणायचे. भोरजवळ उत्रोलीला आमच्याकडं पाहुणे आले की पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवून मी मागच्या दारानं पसार व्हायची. भोरच्या शाळेत बाई मला धडा वाचायला उभं करायच्या आणि थोड्या वेळानं स्वतःच वैतागून खाली बसवायच्या. अशा मुलीनं पुढं जाऊन मार्केटिंगमध्ये नोकरी करावी, तीही पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत, हे आमच्या भावकीत अजून कुणाला पटलेलं नाही. मार्केटिंग म्हणजे दारोदार फिरून साबण विकणं आणि त्याला तोंड लागतं, एवढंच त्यांना ठाऊक.

खरं म्हणजे मी ह्या धंद्यात शिरले ते न बोलण्याच्या सोयीसाठी. पहिली नोकरी होती ती सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते ग्राहकांसाठी साध्या मराठीत लिहून काढायची. दिवसभर कुणाशी बोलायला नको, मी सुखात होते. ग्राहकांचे फोन चालू असले की माइक बंद ठेवून मी ऐकत बसायची. माणसं कुठं अडखळतात, कुठं उगाच 'हो हो' करतात, कुठं चिडतात, ते ऐकायची मला चटकच लागली. त्यामुळं मी लिहिलेलं लोक खरोखर वाचायला लागले. मग म्हणाले, जाहिरातीचंही तुम्हीच लिहा. मग म्हणाले, जाहिरात कुणासाठी करायची तेही तुम्हीच ठरवा. असं करत करत माझ्या हाताखाली माणसं आली. ज्यांनी कंपनी काढली ते आमचे साहेब दरवर्षी माझं कौतुक करायचे आणि शेवटी तेच ऐकवायचे, "काम उत्तम आहे तुमचं, पण तुम्ही दिसत नाही." आता मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलेली, धडधाकट बाई. दिसत नाही म्हणजे काय, डोंबल.

मागच्या वर्षी आमचे मार्केटिंगप्रमुख नोकरी सोडून गेले आणि साहेबांनी तात्पुरता कारभार माझ्याकडं दिला. त्याच वेळी कंपनी एक नवं ॲप आणत होती. खेड्यातल्या बायकांनी घरी केलेले पापड, लोणची, हातसडीचा तांदूळ पुण्यातल्या लोकांना थेट विकावा, अशी कल्पना. लिहायला नको, टाइप करायला नको. ॲप मराठीतून विचारणार, बाईनं तोंडानं सांगायचं, आणि तिचा आवाज हीच तिची किल्ली. मी तिकडचीच, म्हणून सुरुवात भोर आणि वेल्ह्यातून करायचं ठरलं. जमलं तर प्रमुखपद माझं, नाही जमलं तर गुरगावहून एक गृहस्थ येणार होते. बोलण्यात पटाईत, असं त्यांच्याबद्दल ऐकून होते. आणि एक अट होती. पुण्यात मोठ्या सभागृहात कार्यक्रम होईल, तिथं मी भाषण करायचं. साहेब म्हणाले, प्रमुखाचा चेहरा लोकांना दिसला पाहिजे.

मला ते पद हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, आणि हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं काम मी करायचं आणि उद्या कुणीतरी येऊन तेच काम मला समजावून सांगायचं, ह्या विचारानंच माझं डोकं फिरायचं. पण भाषण आठवलं की मी भरल्या ताटावरून उठायची. बोलायला शिकवणारा एक क्लास मी ऑनलाइन लावला. त्यातला माणूस सारखा सांगायचा, पोटातून बोला. माझ्या पोटातून काय येईल ते त्याला माहीत नव्हतं.

ॲपची सुरुवात मात्र दणक्यात झाली. सारोळ्याच्या पुलाजवळ महामार्गावर मोठा फलक लागला. भोरच्या मंगल कार्यालयात बायकांचा मेळावा झाला. हळदीकुंकू, जेवण, वर बडबड्या निवेदक. बायका नटूनथटून आल्या, पोटभर जेवल्या, सगळ्यांनी मोबाईलमध्ये ॲप घेतलं. आणि त्यानंतर सगळं ठप्प. ॲप उघडलं जायचं आणि पहिल्याच पायरीवर थांबायचं.

गावोगाव फिरणारी आमची पोरं म्हणायची, मॅडम, बायका लाजतात. नाहीतर म्हणायची, रेंज नाही. तक्रारी तर एकेक अजब. वेल्ह्याकडच्या एका वाडीतल्या सगळ्या बायकांचा आवाज ॲपला एकच वाटत होता. आमच्या इंजिनिअरांनी आवाज ओळखणारी यंत्रणाच खोलून बसवली, तरी तेच. भोरच्या एका आजींचं खातं उघडलं, पण त्यात नाव म्हणून आख्खा उखाणा आलेला. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मीही हसले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण पुण्यात राहून राहून मीही पुण्याचीच झाले होते.

साहेबांचे फोन यायला लागले. आवाज गोड, पण त्यात गुरगाव ऐकू यायचं. त्या रविवारी मी उत्रोलीला गेले ती खरं तर तोंड लपवायला. आई चुलीपुढं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाहेर ओट्यावर विळ्याला धार लावत होते. आईला म्हटलं, हे ॲप जरा बघ गं चालवून. तिनं पदराला हात पुसले आणि मोबाईल समोर धरला.

ॲप म्हणालं, "आपलं पूर्ण नाव सांगा."

ॲपनं परत विचारलं. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं.

"सांग की गं," मी म्हटलं.

तिनं बाहेर हाक मारली. "अहो, जरा हितं या. ह्याला काय पायजे ते सांगून जावा."

अण्णा विळा हातात घेऊनच आले. ग्रामसभेत हजेरी द्यावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी आईचं नाव, स्वतःचं नाव आणि आडनाव सांगितलं आणि परत धार लावायला गेले. ॲप म्हणालं, धन्यवाद, तुमचा आवाज नोंदवला. आईचा चेहरा सैल झाला. मग ती हौसेनं मोबाईलला म्हणाली, "नाचणीचं पापड हायेत बग माझ्याकडं."

"हा आवाज तुमचा नाही," ॲप म्हणालं.

"मग कुणाचा मेल्या?" आई म्हणाली.

मी तिथंच फरशीवर बसले. पूर्ण नाव म्हणजे आपलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. आणि माझ्या आईनं जन्मात कधी अण्णांचं नाव घेतलेलं नाही. घ्यावंच लागलं तर उखाण्यातून, तेही लग्नाकार्यात, चार बायकांनी अडवून धरल्यावर. मी लहान असताना तहसील कचेरीत कुणी पूर्ण नाव विचारलं की ती मला पुढं करायची. मी पडले घुमी. टेबलामागचा माणूस आम्हा दोघींवर वैतागायचा. माझ्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव सर्रास घेतात, मीही बँकेच्या फोनवर सहज घेते. पण पापड-लोणच्यात ज्यांचा हात मुरलेला, त्या सगळ्या आईच्या वयाच्या. त्या तिथं येऊन थांबत होत्या. नाहीतर घरातल्या नव्या सुनेला नाव सांगायला लावत होत्या. वेल्ह्याच्या त्या वाडीत अशी एकच बोलकी सून होती, म्हणून सगळ्यांची किल्ली तिचाच आवाज. ती माहेरी गेली की आख्ख्या वाडीचं दुकान बंद.

ॲपमधलं ते खातं पुसून टाकलं आणि आईला म्हटलं, "आता नुसतं तुझंच नाव सांग."

"निस्तं माझंच?"

"व्हय. बाकी काही नको."

तिनं पदर सारखा केला. मग हळूच, थोडं घाईघाईनं, आपलं नाव सांगितलं. अण्णा तिला 'अगं' म्हणतात, गाव माझ्या नावानं तिला अमकीची आई म्हणतं. तिचं नाव तिच्याच तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मला भरूनच आलं. तिचं लक्षच नव्हतं. ॲप 'धन्यवाद' म्हणाल्यावर ती जी पापडांबद्दल बोलायला लागली ती थांबायचं नाव घेईना. नाचणी कुठली, लाटायला कोण येतं, वाळत घातल्यावर कोंबड्या किती छळतात, सगळं सांगितलं. इतकं तर ती माझ्याशीही कधी बोलली नव्हती.

घरच्या एका माणसावर विसंबून चालणार नव्हतं, म्हणून मी वरंध घाटाच्या रस्त्यानं हिर्डोशीला गेले, मग वेल्ह्याला. एसटीची वाट बघितली, नाही आली तिथं चालले. निवेदक नाही, माइक नाही, फलक नाही. पडवीत बसायचं, चहा घ्यायचा, बायका आपसात बोलतात ते ऐकायचं. हे मला छान जमतं. आणि मग मोबाईल पुढं करून म्हणायचं, फक्त तुमचं नाव सांगा. सगळीकडं आधी एकमेकींकडं बघून हसू, आणि मग नाव. हिर्डोशीच्या एकीनं मला विचारलं, "आडनाव बी नगं?" नको म्हटलं. तर म्हणाली, "मग सोपं हाय की ओ ताई."

परत आल्यावर इंजिनिअरांना सांगितलं, 'पूर्ण' हा शब्द काढा. ते म्हणाले, एका नावाच्या दोघीजणी निघाल्या तर? म्हटलं, गाव आणि मोबाईल नंबर आहे ना, त्यावरून ओळखा. त्यांना पटायला वेळ लागला, पण काढला. आणि खाती भराभर उघडायला लागली. पुण्यातून मागणी यायला लागली. दिवाळीच्या आत वेल्ह्याच्या डोंगरातून माल उचलायला टेम्पो सुरू झाला. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे अर्धाच पडला, कारण भाषण राहिलंच होतं.

साहेबांनी मला बोलावलं. खूष होते. म्हणाले, "हीच गोष्ट तुम्ही स्टेजवर सांगायची. तुमची आई, तिचं नाव, सगळं. लोक रडतील."

लोकांना रडवण्यासाठी माझी आई स्टेजवर मांडायची, ह्या कल्पनेनंच मला कसंतरी झालं. आणि इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "साहेब, मला हे पद हवंय. भाषण मी करणार नाही. आईची गोष्टही तिला विचारल्याशिवाय कुणी सांगायची नाही."

साहेब गप्प झाले. त्यांची ही जुनी पद्धत. ते गप्प बसतात, समोरचा घाबरून भडाभडा बोलायला लागतो आणि आपल्याच शब्दांत अडकतो. पण गप्प बसण्यात मला कोण हरवणार? मी हात मांडीवर ठेवून निवांत बसले. साहेबांनी पाण्याचा ग्लास सरकवला. चष्मा पुसला. मोबाईल उलटा केला, सुलटा केला.

"आणि चेहरा?" शेवटी म्हणाले.

"मालाबरोबर त्या बायकांचे फोटो दाखवा. ज्यांना चालेल त्यांचेच."

"बरं," ते म्हणाले. "भाषण मी करतो. लिहून द्या."

बस्स, एवढंच. खाली पार्किंगमध्ये येऊन मी गाडीत बसले आणि ढसाढसा रडले. दुःख कसलंच नव्हतं. इतका काळ उरावर घेऊन फिरले होते ते उतरलं, म्हणून रडू आलं. भाषणाचा तो क्लास मी तिथूनच बंद केला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. आईला विचारलं तर ती तेव्हा नको म्हणाली. आता हे लिहिताना पुन्हा विचारलं. म्हणाली, "लिही, पण नाव नगं घालूस." घातलेलं नाही.

कार्यक्रमाला आई-अण्णा एसटीनं आले. मी त्यांना मागच्या रांगेत घेऊन बसले. साहेब फार छान बोलले. पुणे जिल्ह्यातलं वेल्हं त्यांनी कोकणात नेऊन ठेवलं, तरी मी हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी माझं पद जाहीर केलं. मी जागेवरच उभी राहिले, मान झुकवली आणि खाली बसले. माना वळल्या, टाळ्या झाल्या, आणि आभाळबिभाळ काही कोसळलं नाही.

आई माझ्या कानाशी झुकली. "आता तुला वर बोलवायचेत व्हय ह्ये?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की गं. तसं ठरलंय आमचं."

"मग ते सगळे हिकडं का बघाय लागलेत?"

"बघू दे."

तेव्हा कुठं तिनं माझं मनगट सोडलं. कार्यक्रम सुरू झाल्यापासून ती ते घट्ट धरून बसली होती, इतकं की तिच्या बांगडीचा वळ माझ्या हातावर उठला होता. मला वाटत होतं, एवढ्या गर्दीत ती बिचकली असेल. ती माझ्यासाठी घाबरली होती. "बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि पाठ टेकून नीट बसली.