कानशीची खूण

लॅपटॉप उघडण्याआधी प्रियंका मेश्राम टेबलावर पांढरा कागद पसरते. आतून निघेल ते कागदावर पडतं आणि गिऱ्हाईक समोर असेल तर त्याला दाखवलं जातं. केस, कापलेली नखं, शेवेचा चुरा, झुरळांची अंडी. एका प्राध्यापकांच्या लॅपटॉपमधून खंडेनवमीच्या पूजेचे तांदूळ निघाले होते. कुंकवाचा पंख्यात चिकट लगदा झाला होता. कागद पाहिला की लोक नाकाला रुमाल लावतात. घाण त्यांचीच असते.

प्रियंका अडतीस वर्षांची आहे. जबलपूरच्या सदर बाजारातल्या शैलेंद्र काळे यांच्या दुकानात तिनं अकरा वर्षं काम केलं. पाटीवर नाव शैलेंद्रचं, पण लोक विचारत, "दीदी है क्या?" शैलेंद्रही त्याचा उपयोग करून घेई. दुरुस्ती कोणीही केलेली असो, गिऱ्हाइकाला तो सांगे, "दीदीच्या हातचं काम आहे, चिंता नको."

तिचे वडील अंबादास संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते. तिथे नापास झालेल्या सुट्या भागावर लगेच लाल रंग मारत, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात जाऊ नये. अंबादास त्यावर विसंबत नसत. "रंग पुसता येते," ते म्हणत, "कानस मारली का मंग काही पुसत नाही." प्रियंकानं दोन्ही सवयी उचलल्या. लॅपटॉपचा बाद भाग काढला की त्यावर लाल नेलपॉलिशची फुली आणि कडेला कानशीनं दोन खाचा. नखांना तिनं नेलपॉलिश कधी लावलं नाही.

एप्रिलमध्ये सिहोऱ्याहून बळीराम आला. तिथल्या बाजार समितीजवळ तो शेतकऱ्यांचे गहू-विक्रीचे फॉर्म ऑनलाइन भरून देतो. हंगाम ऐन भरात होता आणि लॅपटॉप दर वीस मिनिटांनी तापून बंद पडत होता. याच तक्रारीसाठी महिनाभरापूर्वी तो आला होता. प्रियंका तेव्हा चुलत बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेली होती. शैलेंद्रनं लॅपटॉप ठेवून घेतला आणि नवा हीट सिंक टाकल्याचं बिल दिलं.

"दीदी, मागच्या टायमाला तुम्हीच बसवलं ना?" बळीरामनं हिंदीत विचारलं. "तरी बंद पडून राहिलाय. लाइनीतले लोक मला शिव्या देऊन राहिले."

"मी बसवलं? कोणी सांगितलं?"

"भैयाजींनी." त्यानं गल्ल्यावरच्या शैलेंद्रकडे बोट केलं.

तिनं कागद पसरला आणि स्क्रू काढले. आत गव्हाचा भुसा आणि एक वाळलेली पाल. पाल तिनं चिमट्यानं उचलून कागदावर ठेवली. बळीराम दोन पावलं मागे सरकला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मग तिनं हीट सिंक उचलला. तांब्याची चपटी नळी आणि टोकाला पत्र्याची बारीक जाळी, एवढाच हा भाग. नळीच्या पोकळीत थोडं पाणी बंद केलेलं असतं. ते प्रोसेसरची उष्णता जाळीपर्यंत नेतं, पंखा ती बाहेर फेकतो. नळीला बारीक चीर गेली की पाणी उडून जातं. वरून नळी धडधाकट दिसते आणि काम मात्र करत नाही. हा तुकडा घासून चकचकीत केलेला होता. तिनं तो उलटा केला आणि बोट कडेवर ठेवलं. दोन खाचा.

या मॉडेलचा एकच तुकडा तिनं बाद केला होता; चार वर्षांपूर्वी भंगाराच्या डब्यात टाकलेला तो हाच. नेलपॉलिश थिनरनं पुसलेलं होतं.

झुरळांच्या अंड्यांची, कुंकवाच्या लगद्याची अकरा वर्षांत तिला कधी किळस आली नव्हती; या तुकड्याची आली. तो तुकडा तिचं नाव सांगून विकला गेला होता.

शैलेंद्र गल्ल्यावरून उठून आला. त्यानं तिचं बोट कुठे आहे ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दीदी, आत चला. बोलू आपण."

"इथंच बोलू. चहा मागवा. कडक गरम."

चहा आला. प्रियंकानं आपल्या खणातला एक चांगला हीट सिंक काढला, नळीचं टोक ग्लासात बुडवलं आणि जाळीचं टोक बळीरामच्या हातात दिलं. "धरा. मोजा."

"एक, दो, तीन, चा... अरे बाप रे!" त्यानं हात झटकला.

"आता हा. तुमच्या लॅपटॉपमधला."

बळीरामनं वीसपर्यंत मोजलं. मग तीसपर्यंत. जाळी नुसती कोमट झाली. नळी प्रोसेसरला चिकटवायला लावतात त्या रासायनिक पेस्टचा राखाडी तवंग चहावर आला होता.

"हा मी चार साल आधी फेकला होता," प्रियंका म्हणाली. "खाचा माझ्या आहेत. बसवला मी नाही."

बळीराम शैलेंद्रकडे वळला. "भैयाजी, हे नवं आहे?"

"सप्लायरकडून चूक झाली असेल," शैलेंद्र म्हणाला. मग मराठीत, तिच्याकडे पाहत, "काहून तमाशा करून राहिली तू? गिऱ्हाइकासमोर?" अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तिला अगं-तूगं केलं.

"त्यांच्यासमोरच तर माझं नाव घेतलं ना तुम्ही."

शेवटी शैलेंद्रनं नवा, सीलबंद भाग भोपाळहून मागवला. चार दिवसांनी बळीराम परत आला. प्रियंकानं त्याच्यादेखत पाकीट फाडलं, भाग बसवला आणि तासभर लॅपटॉप चालवून दाखवला. तो बंद पडला नाही. नोकरी सोडायचं तिनं तोवर ठरवलेलं नव्हतं. अकरा वर्षं होती, घरी आई पार्वताबाईंची औषधं होती, आणि शैलेंद्र चार दिवस जीभ सांभाळून "प्रियंकाजी" म्हणत होता.

बळीराम गेल्यावर ती हात धुवायला मोरीकडे गेली. कठड्यावर चार दिवसांपूर्वीचा तो चहाचा ग्लास तसाच होता. आत पेस्टचं राखाडी कडं सुकलं होतं. फेकायचा म्हणून तिनंच तो तिथे ठेवला होता. तेवढ्यात शैलेंद्र आला. त्यानं ग्लास नळाखाली धरला, बोट फिरवलं, शर्टाच्या टोकाला पुसला आणि गिऱ्हाइकांच्या ट्रेमध्ये उपडा घातला.

प्रियंकानं स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा आणि कानस पिशवीत भरली. आता ती जबलपूरच्याच विजय नगरमध्ये आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीची कामं घेते. टेबलावर तोच पांढरा कागद असतो. खाचा मारणं तिनं सोडलं आहे; बाद हीट सिंक ती गिऱ्हाइकासमोर कटरनं मधोमध तोडते.