खुर्चीत बसायची तालीम

रुग्णालयात तिला सगळे मावशीच म्हणत. वॉर्डातल्या चादरी बदलणाऱ्या, भांडी उचलणाऱ्या, रुग्णाला कुशीवर वळवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? सतरा वर्षं ती मावशी होती. मग एके दिवशी तिच्या मनानं घेतलं की आपण सिस्टर व्हायचं, आणि तिच्या मनानं एकदा घेतलं की घरच्यांनी फक्त बाजूला सरकायचं. नोकरी सोडून, लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसून तिनं तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स केला आणि चांगल्या मार्कांनी पासही झाली. आता त्याच रुग्णालयात सिस्टरची एक जागा निघाली होती. गुरुवारी मुलाखत.

अभ्यासाची तिला काडीची चिंता नव्हती. सलाईनचे थेंब, इंजेक्शनआधीची तपासणी, सगळं तोंडपाठ. पुस्तकात नसलेलंही बरंच येत होतं. ‘बरं वाटतंय’ म्हणणारा रुग्ण खरं बोलतोय की घरी जायला उतावळा झालाय, हे ती दारातूनच ओळखत असे.

रविवारी लेकीनं घरातच मुलाखतीची तालीम ठेवली. शिवणकाम करणाऱ्या बापाला गळ्यातल्या टेपसकट टेबलामागे बसवलं आणि मेट्रन करून टाकलं. त्यानं घसा खाकरला, तशी ही ताडकन उभी राहिली. बस म्हटलं, बसली. त्यानं चष्मा लावला, पुन्हा उभी. उत्तरं एकूण एक बरोबर, पण सगळी उभ्यानं. बायकोकडून इतका मान त्याला लग्नापासून मिळाला नव्हता, त्यामुळे स्वारी खूश होती.

सवय हाडीमाशी खिळलेली. सिस्टरसमोर मावशीनं बसायचं नाही, आणि मेट्रनबाई उभ्या राहिल्या की सिस्टरनंही नाही, हा त्या वॉर्डातला शिरस्ता. मेट्रनबाईंच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की हिचं स्टूल आपोआप रिकामं होई.

शेवटी लेक वैतागली. म्हणाली, “आई, तू अशी उभी राहिलीस ना, की मला तुला पाणी आण म्हणावंसं वाटतं.”

ते तिला झोंबलं, कारण खरं होतं. सोमवारपासून घरात खुर्चीचा अभ्यास सुरू झाला. भाजी खुर्चीत बसून चिरायची. शेजारीण आली, बसून बोलायचं. सासरे आले, तरी बसूनच. म्हाताऱ्याला आधी नीट समजावून ठेवलं होतं म्हणून निभावलं. बुधवारी दूध उतू गेलं, तेही तिनं बसून पाहिलं. नवऱ्यानं गॅस बंद केला आणि आता ही मेट्रनलाही भारी पडणार असं जाहीर केलं.

गुरुवारी मुलाखतीला तिघं जण होते, मधोमध मेट्रनबाई. ती बसली. प्रश्न आले तशी तिनं सहज उत्तरं दिली. मग मेट्रनबाईंनी विचारलं, की इन्शुलिन नेहमी चार युनिट असतं आणि आज कागदावर चाळीस लिहिलंय, तर काय कराल?

देणार नाही, ती म्हणाली. डॉक्टरांना फोन करून विचारीन.

सीनियर सिस्टरनं दे म्हटलं तर? तरी नाही.

मेट्रनबाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. टेबलाला वळसा घालून अगदी तिच्यासमोर आल्या. “आणि मीच सांगतेय, आत्ता दे, तर?”

तिचे गुडघे उठायला निघाले होते. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. उभी राहिली तर तोंडातून ‘हो बाई’ निघणार, हे तिला पक्कं माहीत होतं. सतरा वर्षं तेच निघत आलं होतं.

“नाही, बाई,” ती बसल्या बसल्या म्हणाली. “तुमच्या हातात सिरिंज असेल तर तुमचाही हात धरीन.”

मेट्रनबाई जागेवर जाऊन बसल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. “सोमवारी सकाळी सात वाजता या, सिस्टर,” त्या म्हणाल्या.

बाहेर लेक बाकावर नखं खात बसली होती. कसं झालं, काय विचारलं, काय सांगितलंस, एका दमात विचारून मोकळी झाली.

आईनं डोळे पुसले, तिच्याशेजारी ऐसपैस बसली आणि म्हणाली, “जा, पाणी आण.”